मडक्यांची ज्वारी

बोरखळीच्या लंकाबाई कुंभारणीला काळजी करायला कारण लागत नसे. श्रीमंत, तिचा एकुलता मुलगा, दोन भाकरी जास्त जेवला की याचं पोट बिघडणार म्हणून काळजी, आणि कमी जेवला की बिघडलंच म्हणून काळजी. गाढव ओरडलं की ते का ओरडलं, आणि गप्प राहिलं की ते गप्प का. तिचा नवरा पुंजाराम हयात होता तेव्हा चाकापाशी बसल्या बसल्या म्हणायचा, "हिला सर्गात नेली तरी ही पैल्यांदा इचारंल, हितं पानी उन्हाळ्यात टिकतं का?"

पुंजाराम गेल्यावर चाक श्रीमंतकडे आलं. पोरगा बावीस वर्षांचा, हात बापासारखाच चालायचा. तो मडकी घडवी, माय माती कालवी, भट्टी लावी आणि भाजलेली मडकी डोक्यावर पाटीत घेऊन घरोघर पोचवी. चाकाला बाईनं हात लावायचा नाही ही रीत, ती तिनं कधी मोडली नाही. पण चाकाखेरीज सगळं तिचंच होतं. गावात मडक्याला कुणी पैसा देत नसे. ज्याला जे लागेल ते त्यानं मागायचं, कुंभारानं द्यायचं, आणि फाल्गुनात ज्वारीची मळणी झाली की खळ्यावर प्रत्येकानं कुंभाराच्या पदरात पुढच्या सालच्या मडक्यांचं बलुतं घालायचं. पुंजारामच्या आज्यापासून हे असंच चाललेलं.

लढाईचे दिवस होते, एकोणीसशे चव्वेचाळीस साल. बोरखळीच्या शिवेवरून जाणाऱ्या सडकेवर लष्कराच्या लॉऱ्या धूळ उडवत जायच्या, आणि त्यांच्या मागंपुढं कागदपत्रं पोचवणारे शिपाई फटफटीवरून सुसाट. माघातल्या एका सकाळी श्रीमंत दोन गाढवांवर मडकी लादून सडकेपलीकडच्या वस्तीवर निघाला होता. वळणावर फटफटी आली. शिपायानं ब्रेक दाबला, चाक खडीवर घसरलं, श्रीमंतनं पुढच्या गाढवाला बाजूला ढकललं आणि फटफटीची मूठ त्याच्या उजव्या मनगटावर बसली. गाढवाला ओरखडाही आला नाही. मडकी फुटली नऊ. शिपाई स्वतः बाभळीच्या बुंध्याशी जाऊन पडला, उठला, गुडघ्यातून रक्त गळत असतानाच पायाची पट्टी सोडून त्यानं श्रीमंतचं मनगट बांधलं, मागून येणाऱ्या लॉरीला हात केला आणि त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन पोचवलं. वर आपल्या साहेबाला लिहूनही दिलं की चूक माझी, मी वेगात होतो.

लंकाबाई धापा टाकत दवाखान्यात पोचली तेव्हा तो शिपाई बाहेर पायरीवर बसला होता. मिसरूड नुकती फुटलेली, डोळे रडून लाल. तिनं आधी आत जाऊन लेकाला पाहिलं, मग बाहेर येऊन याला.

"तुज्या गुडघ्याला औशद लावलं का?"

त्याला तिची बोली कळेना. तो दक्षिणेकडचा कुठला तरी. तिनं त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं, डॉक्टरच्या दाराकडे बोट दाखवलं आणि दंडाला धरून त्याला आत नेलं. परत येताना श्रीमंत म्हणाला, "आये, त्यानं माजा हात मोडला, आन् तू त्याची मलमपट्टी करतीस?"

"त्याची आय तिकडं लांब हाय," ती म्हणाली. "तिला कोन सांगनार? म्या तरी बघितलं पायजे."

डॉक्टरांनी हाताला पलिस्तर घातलं होतं आणि निक्षून सांगितलं होतं, हाड जुळेल, पण दिवाळीपर्यंत चाकाला शिवायचं नाही. आधी हात लावलास तर मनगट कायमचं गेलं.

दिवाळी म्हणजे नऊ महिने. लंकाबाईला आता काळजी करायला खरंखुरं कारण मिळालं, आणि गंमत अशी की त्यामुळे ती जरा शांत झाली. तिनं सरळ हिशेब मांडला. गावाला मडकी तर लागणारच. शेजारच्या गावच्या कुंभारानं एकदा बोरखळीत मडकी आणली की पुढच्या फाल्गुनात खळ्यावरही तोच उभा राहणार. पुंजारामच्या आज्यापासूनचं घर तिथंच संपलं. म्हणजे मडकी आपल्याच चाकावर झाली पाहिजेत. ती घडवू शकणारा जवळचा माणूस एकच, तिचा धाकटा भाऊ सहादेव, राजूरच्या बाजूला डोंगरात राहणारा. त्याला निरोप धाडला. उलटा निरोप आला: "बहीण हायेस, येतो. पन हितलं बलुतं सोडून येयाचं म्हनल्यावर माज्या घरची पाच तोंडं काय खातील? महिन्याला रोख द्यावं लागंल."

रोख! लंकाबाईच्या घरात रोख म्हणजे चिमणीच्या रॉकेलपुरती.

तेव्हा याकोब मास्तर पुढं झाले. गावातल्या मिशनच्या शाळेचे मास्तर, नाकावर चष्मा, बोलणं पुस्तकासारखं. ते म्हणाले, "लंकाबाई, शिपायानं चूक कबूल केली आहे. लष्कराकडून नुकसानभरपाई मागायची. मी अर्ज लिहितो."

अर्ज लिहायला बसले आणि दुसऱ्याच रकान्यात अडकले.

"श्रीमंतचं महिन्याचं उत्पन्न किती?"

"महिन्याला कसं आसंल? खळ्यावर मिळतं."

"बरं, वर्षाचं."

"पिकंल तसं."

"म्हणजे किती?"

"मास्तर, तुमी देवाला इचारा. मग म्या सांगते."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि रकान्यात लिहिलं, 'चौकशीअंती समजेल.' अर्ज गेला.

मग फाल्गुन आला, मळणी झाली. लंकाबाई खळ्यावर जाणारच नव्हती. पुढं मडकी देता येणार नाहीत, मग कुठल्या तोंडानं पदर पसरायचा? पण सूर्यभान पाटलांनी चावडीवर सगळ्यांना बजावलं, "पोराचा हात मोडलाय. कुनी बलुत्यात हात आखडला तर माज्याशी गाठ." आणि गावानं बलुतं तिच्या घरी आणून टाकलं. आसारामनं तर पायलीभर जास्त घातली. ओसरीवर ज्वारीची रास पडली. बायका म्हणाल्या, लंके, यंदा राणी झालीस की! आणि लंकाबाई राशीकडे बघत मनातल्या मनात मडकी मोजू लागली. तिनं ती सगळी ज्वारी कणगीत भरली, कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकलं, आणि मायलेक गेल्या सालची उरलेली बाजरी खात राहिले.

"आये, ज्वारी किडंल," श्रीमंत म्हणाला.

"किडू दे. आपली न्हाई ती."

चैत्र निम्मा सरला आणि निरोप आला की भरपाईचे साहेब उद्या चौकशीला येत आहेत. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, अठरा दिवसांवर होती. आखितीला घरोघरी पितरांच्या नावानं नवी घागर भरायची असते, म्हणजे उंबऱ्यागणिक निदान एक नवं मडकं हवंच. साहेबांनी पैसे मंजूर केले तर सहादेव येणार, भट्टी लागणार. नाहीतर पाटील बिचारा शेजारच्या कुंभाराला बोलावणार. पितरांना काय पाटलानं ताटकळत ठेवायचं?

साहेब आले ते लष्कराच्या जीपमधून. राधाकृष्ण टिपणीस नाव, माणूस पुण्याकडचा, अंगावर खाकी, कपाळावर घाम. बरोबर एक कारकून. चावडीवर सतरंजी टाकली होती, झाडून सगळं गाव गोळा झालं होतं. श्रीमंत गळ्यात हात अडकवून पुढं बसला, लंकाबाई बायकांत, खांबाला टेकून. याकोब मास्तर मुद्दाम पाटलाच्या शेजारी बसले. त्यांनी पाटलाला आदल्या दिवशी समजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोला." पण गावाचा विषय निघाला की सूर्यभान पाटलांना तेवढंच बोलणं म्हणजे काय ते कधी जमलं नव्हतं.

साहेबांनी अपघाताचे कागद पाहिले, पलिस्तर पाहिलं, डॉक्टरची चिठ्ठी वाचली. "दुखापत खरी आहे. चूकही आमच्या माणसाची आहे. आता एवढंच सांगा, हात मोडल्यापासून याचं उत्पन्न किती बुडालं? गावानं धान्य देणं बंद केलं का?"

पाटील ताडकन गुडघ्यावर उठले. "बंद? सायेब, बोरखळी म्हंजे काय वाटली तुमाला? एक शेर कमी केला न्हाई!"

मास्तर खाकरले.

"उलट जास्तच दिली," आसाराम मागून ओरडला. "म्या पायलीभर वर घातली! इचारा कुनालाबी!"

"तू पायली घातलीस, मी काय मापटं घातलं का?" तिसरा उठला. "मी पायली आन् वर दोन शेर!"

"दोन शेर कवा? दीड हुते!"

गाव इरेला पेटलं. ज्यानं त्यानं आपली ज्वारी वाढवली. मास्तरांनी सतरंजीवरूनच पाय लांबवून पाटलाचा अंगठा दाबला.

"मास्तर, पाय!" पाटील सगळ्यांदेखत म्हणाले. "तर सायेब, पोराला गेल्या सालापरीस सव्वापट धान्य हाय. आमचं गाव असं हाय."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना गाव आवडलं होतं, ते दिसतच होतं. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहा. उत्पन्नाचं नुकसान नाही. फुटलेल्या मडक्यांची किंमत द्यावी, नग नऊ."

 पाटलांचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय केलं ते त्यांना आत्ता उमगलं, आणि उमगलं तसा त्यांनी तो दाबलेला अंगठा हातात धरला, जणू तोच दुखत होता.

लंकाबाई खांब सोडून पुढं आली. आयुष्यात ती चावडीत बोलली नव्हती. तिनं पदर नीट केला.

"सायेब, ती ज्वारी माजी न्हाई."

"मग कोणाची?"

"मडक्यांची."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे?"

"गाव मला ज्वारी देतं ते काय माजं तोंड बघून देत न्हाई. मडक्यांपायी देतं. यंदा मडकी गेली न्हाईत, ज्वारी आधीच आली. मग ती माज्या डोक्यावर बसली. म्या तिला हात लावला न्हाई. कनगीचं तोंड लिंपलंय, चला, दावते. जवर ज्याचं मडकं त्याच्या घरी जात न्हाई तवर ती त्याचीच."

"बाई, पण लोक म्हणतात ते राजीखुशीनं दिलं."

"ते देनाऱ्यानं म्हनायचं. घेनारनीला मोजावं लागतं."

साहेब जरा हसले. "तुम्ही मोजलंय? किती मडकी देणं आहे?"

"सांगते की." लंकाबाईनं डोळे अर्धे मिटले आणि वेशीकडून सुरुवात केली. उन्हातान्हात पाटी डोक्यावर घेऊन ज्या वाटेनं ती फिरे त्याच वाटेनं. "वेशीजवळ बायडाबाई. घागर एक, परळ दोन. तिची घागर माघाच्या शेवटी फुटली, ती अजून शेजारनीची वापरती. तिच्या पुढं आसाराम. त्याच्या घरी मडकी तीन, गाडगं एक. सासू-सून येगळ्या झाल्या तवा दुदाचं मडकं कुनी न्यायाचं यावरनं..."

"वैनी!" आसाराम ओरडला.

"...ते दोगींच्या मदी पडलं. मग दुसरं पडलं. तिसरं मातूर जावेनं फोडलं, ते ध्यानात हाय."

बायकांत खसखस पिकली. आसाराम शेजाऱ्याच्या मागं सरकला.

"त्याच्या पुढं पाटलांचा वाडा. तिथं दीड हंड्याचा डेरा एक. पाटलीनबाई म्हनत्यात, मांजरानं पाडला."

"मांजरानंच पाडला!" पाटील म्हणाले.

"पाटील, मांजर दूध सांडतं. भरला डेरा आडवा कराया मांजराचा पाय धोतरात अडकावा लागतो. शिमग्याच्या रातीची गोष्ट ती."

आता चावडी खदाखदा हसली. याकोब मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. कारकुनाला लिहायला वेळ पुरेना, तो हळूच म्हणाला, "बाई, मांजर लिहू की नको?"

"डेरा लिवा. मांजर ऱ्हाऊ द्या."

आणि ती पुढं निघाली. कुणाच्या घरी लग्न ठरलंय म्हणून बोहल्यापाशी रचायची मडकी, कुणाच्या रांजणाला तडा गेलाय तो लाखेनं बुजवलाय, कुणाची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली तर शेकायला खापर हवं, कुणाच्या माडीवर डाळ ठेवायला उतरंड हवी पण नवऱ्यानं परवानगी दिलेली नाही. गावातलं प्रत्येक भांडण, प्रत्येक समेट, प्रत्येक चोरून खाल्लेला लोण्याचा गोळा तिच्याकडे फुटक्या मडक्याच्या रूपानं येऊन पोचलेला होता. पुढच्या घरांची माणसं आता हात जोडू लागली. "लंकाबाई, आमचं एक लिव, पन का ते सांगू नगं!" "मावशे, माजी दोन. दोनच म्हन!"

शेवटचं घर होईपर्यंत साहेबांचा घाम निथळला होता. त्यांनी पाणी मागितलं. पाटलांच्या घरून तांब्याच्या कळशीतलं पाणी आलं. साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. वैशाख तोंडावर, आणि पाणी चुलीवरून उतरवल्यासारखं.

"माठ नाही का गावात?"

  साहेबांनी भांड्यात पाहिलं, मग कारकुनाच्या यादीकडे. "किती झाली?"

"एकशे सत्तावीस, आखितीच्या घागरी धरून."

"बाई, तुमच्याकडे लिहिलेलं कुठं काही?"

"मला लिवता येत न्हाई. म्हनून तर ध्यानात ठेवावं लागतं."

 साहेबांनी आधीची ओळ खोडायला सांगितली. "लिहा. गावाकडून धान्य आगाऊ मिळालं असून त्याबदल्यात काम देणं बाकी आहे. ते काम दुखापतीमुळे होऊ शकत नाही. सबब बदली कारागिराचा दिवाळीपर्यंतचा पगार द्यावा." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "कोण आहे का असा माणूस?"

"माजा भाऊ हाय सायेब. पन तो रोख मागतो."

"रोखच येईल. मी आठ दिवसांत मनीऑर्डर धाडायला लावतो."

"आठ दिवसांत न्हाई आली तर?"

"येईल."

"पन न्हाई आली तर? पोस्टमन आजारी पडला तर?"

"आये!" श्रीमंतनं कळवळून म्हटलं.

साहेब खळखळून हसले. "पोस्टमन आजारी पडला, तर मी स्वतः फटफटीवरून घेऊन येईन."

"फटफटी नगं!" लंकाबाई घाईनं म्हणाली. "चालत या."

आठ दिवसांत काही आलं नाही. नवव्या दिवशी लंकाबाईनं तीन वेळा सडकेपर्यंत जाऊन पोस्टमनची तब्येत विचारली. दहाव्या दिवशी मनीऑर्डर आली. मागितलं होतं त्यापेक्षा थोडी कमी, पण सहादेवाला पुरेल एवढी. तिनं अंगठा उठवला, मास्तरांनी साक्ष केली, आणि त्याच दुपारी आसाराम सहादेवाला आणायला निघाला, न सांगता. तेही बहुधा आपली तीन मडकी लवकर घरी यावीत म्हणूनच.

सहादेव आला, अंगानं आडवा, बोलायला कमी. चाक पाहून त्यानं भुवई उडवली, "तुजं चाक जड हाय गं अक्का." श्रीमंत त्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि डाव्या हातानं खुणा करत राहिला, इथं गळा आणखी आवळ, इथं पोट सोड. बोरखळीच्या घागरीचा गळा आखूड असतो, राजूरकडचा लांब. पहिल्या दिवशी मामा-भाच्याचं तेवढ्यावरून वाजलं, दुसऱ्या दिवशी मामानं गळा आखूड केला. लंकाबाईनं माती तुडवली, सुकायला ठेवलेल्या मडक्यांना रात्री दवाची काळजी म्हणून गोणपाट पांघरलं, सकाळी उन्हाची काळजी म्हणून काढलं. आखितीच्या तीन दिवस आधी भट्टी पेटली. काढली तेव्हा फुटकी निघाली फक्त चार. ती चार तिनं उलटीसुलटी करून निरखली, जणू बाकीची सव्वाशे नव्हतीच.

मग पाटी डोक्यावर घेऊन ती वेशीकडून निघाली. बायडाबाईच्या घरी घागर ठेवली की म्हणे, "झालं, आता तुजी ज्वारी माजी." आसारामच्या घरी सासू आणि सून दोघींच्या हातात वेगळं वेगळं मडकं दिलं. घर मागं पडत गेलं तशी तिची चाल हलकी होत गेली. आखितीच्या आदल्या संध्याकाळी तिनं घरी जाऊन कणगीचं लिंपण फोडलं, आणि मायलेक आणि मामा असे तिघं पोटभर ज्वारीची भाकरी जेवले. श्रीमंत चार खाऊन गेला. तिनं पोटाचं नाव न काढता पाचवी पुढं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक मोठा माठ घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. याकोब मास्तर बाहेर आले.

"लंकाबाई, हा कशाला? मी बलुत्यात नाही. मी खळ्यावर एक दाणा दिलेला नाही. आणि आमच्यात आखितीची घागरही भरत नाहीत."

"ठावं हाय."

"मग याचे पैसे घ्या."

"पैशे कशाला? म्या मडक्याला पैशे कवा घेतले?" तिनं माठ उंबऱ्याच्या आत, सावलीच्या कोपऱ्यात ठेवला, पालथा करून धूळ पुसली, पुन्हा सुलटा केला.

"अहो, पण मग हे माझ्यावर देणं झालं ना!"

"व्हय," लंकाबाई म्हणाली आणि रिकामी पाटी काखेत मारून हसत हसत पायरी उतरली. "होऊ द्या. जरा काळजी तुमीबी करा."